अध्यक्षांच्या परवानगीनं

पिल्लू पडलं ते थेट हिरव्या इरकलीवर.

लेकीच्या डोहाळजेवणासाठी साडी घ्यायला आलेल्या बाईंना रंग उजेडात बघायचा होता. म्हणून शिवानंदनं, माझ्या नवऱ्यानं, साडी दुकानाच्या पायरीवर नेऊन उलगडून धरली होती. मी मागच्या घरातून चहा घेऊन तेवढ्यात पुढं आले. वर चिंचेच्या फांद्यांत काहीतरी खडखडलं आणि बगळ्याचं एक अर्धवट पिसांचं पिल्लू पदरावर येऊन आदळलं. आदळलं ते आदळलं, वर घाबरून पोटातली मासळीही ओकलं. बाई किंचाळल्या. "असल्या अवस्थेत असला अपशकुन," असं काहीबाही म्हणत लेकीला घेऊन त्या तरातरा निघून गेल्या.

"उचल ते, आणि टाक कुठंतरी," अण्णा गादीवरून म्हणाले.

अण्णा म्हणजे माझे सासरे, विरूपाक्ष मेनकुदळे. गावातलं सगळ्यात जुनं कापडाचं दुकान त्यांचं. दुकानाच्या मागं आमचं घर. त्या घरात मी चार वर्षांपूर्वी आले तेव्हा सासूबाई जाऊन बरीच वर्षं झाली होती. घरात अण्णा, शिवानंद, धाकटे दीर आणि मी. सगळे भले, पण सगळे अबोल. दुकानात दिवसभर गिऱ्हाइकांशी बोलून बोलून तोंड दुखत असावं, घरात आल्यावर कुणी ब्र काढत नसे. "मीठ दे", "दिवा लाव", "उद्या सोमवार आहे", एवढ्यावर आमचा संसार चालायचा. अण्णांशी तर मी चार वर्षांत सलग चार वाक्यं बोलले असेन की नाही, शंकाच आहे. त्यांचा मला जाच कधीच नव्हता. फक्त धाक होता, आणि तो त्यांनी कधी घातलेला नव्हता, मीच घेतलेला होता.

मी पिल्लू पदरात उचललं. त्यानं लगेच माझ्या अंगठ्याला चावा घेतला. माझं माहेर तळ्याकाठचं, बगळे मी लहानपणापासून बघत आलेले, पण इतक्या जवळून कधी नाही. ते थरथरत होतं आणि तरीही मला चावत होतं. मला ते फार आवडलं.

टाकायला म्हणून बाहेर पडले आणि पोस्टाच्या दारात पद्मजा टोणपे भेटली. पोस्टाच्या खिडकीत बसणारी, मोठ्या आवाजाची, सायकलवरून फिरणारी बाई. तिची माझी ओळख तिकिटांपुरतीच.

"कुठल्या झाडाखालचं?" तिनं विचारलं.

"आमच्याच दारातलं."

"आण इकडं. दोन्ही हातांनी धर, पंख दाबू नको. तू मेनकुदळ्यांची सून ना? मासे आणशील का याला? छोटे, बोटाएवढे."

आमच्या घरात मासे! मी हसले. लिंगायतांच्या घरात अंडंसुद्धा उंबऱ्याच्या आत येत नसे.

"मग मासे मी आणते, तू भरव," ती म्हणाली.

असं माझं ते काम सुरू झालं. बाजारपेठेत तेव्हा चिंचेची चार जुनी, अवाढव्य झाडं होती. दर पावसाळ्यात त्यांच्यावर बगळ्यांची आणि ढोकऱ्यांची शेकडो घरटी लागत. वारा सुटला, भांडणं झाली, पाय घसरला की पिल्लं खाली पडत. पद्मजा आणि पोस्टातल्या दोघीजणी ती गोळा करायच्या, पोस्टामागच्या पडक्या खोलीत ठेवायच्या, उडायला लागली की गावाबाहेरच्या बंधाऱ्यावर सोडून यायच्या. इरकलीवर पडलेलं ते पहिलं पिल्लू तीन दिवसांत गेलं. मी खूप रडले. पद्मजानं मला रडू दिलं आणि मग दुसरी टोपली पुढं सरकवली. "ही दोघं जगतील बघ. खादाड आहेत," ती म्हणाली. ती जगली.

मी दुपारी 'पोस्टात जाऊन येते' म्हणून बाहेर पडायचे. ते खोटंही नव्हतं. त्या पडक्या खोलीत, मासळीच्या वासात, आम्ही चौघी इतक्या हसायचो की मला घरी येताना चेहरा नीट करावा लागायचा.

आणि त्याच वर्षी श्रावणात मित्रमेळा सेवा क्लबची कुटुंब-सभा आली.

मित्रमेळा हा आमच्या गावातल्या प्रतिष्ठितांचा क्लब. डॉक्टर, वकील, व्यापारी. नेत्रशिबिरं घ्यायचे, शाळेला पंखे द्यायचे, दर महिन्याला एका लॉजच्या वरच्या हॉलमध्ये सभा भरवायचे. त्या वर्षी अध्यक्ष अण्णा होते. उपाध्यक्ष दत्तोबा वेल्हाळ, आमच्या समोरचे मिठाईवाले. दर तीन महिन्यांनी सभेला बायकामुलांना बोलवत. बायका मागच्या रांगांत बसायच्या, आणि ठराव-बिराव झाले की हौजी खेळून बटाटेवडे खाऊन घरी यायच्या. मीही तेवढंच करत आले होते.

सभेच्या आदल्या दिवशी पद्मजा नेहमीच्या आवाजात बोलत नव्हती.

"उद्या तुमच्या क्लबात ठराव येणार आहे," ती म्हणाली. "चिंचांच्या फांद्या छाटायच्या. सगळ्या, बुंध्यापर्यंत. नगरपालिका कधीची तयार आहे, त्यांना फक्त मागं कुणीतरी मोठं हवंय. उद्या ठराव झाला की आठवड्याभरात कुऱ्हाड."

"पण वर पिल्लं आहेत."

"म्हणून तर. मला बोलू द्या म्हणून विचारून आले मी. सभेत फक्त सदस्य आणि त्यांच्या घरचे बोलू शकतात म्हणे." ती माझ्याकडे बघत राहिली.

"मी?" मी म्हणाले. "अगं, अध्यक्ष अण्णा आहेत."

"माहीत आहे."

"मी त्यांना भाकरी वाढतानासुद्धा 'देऊ का' एवढंच विचारते."

"मग नको," पद्मजा म्हणाली. रागानं नाही, खरंच समजून म्हणाली. त्याचंच मला जास्त लागलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी अण्णा जेवून पान लावत बसले होते. मी दारात उभी राहिले.

"अण्णा, ते चिंचांचं…"

त्यांनी चुना लावता लावता वर पाहिलं. "चिंचांचं काय?"

"छाटणार आहेत म्हणे."

"वेल्हाळांनी ठराव आणलाय. पाठिंबा देतो असा मी शब्द दिलाय पेठेला. का?"

"काही नाही. पिल्लं आहेत वर."

अण्णांनी पान मुडपलं. "पेठेतलं पेठेत, सभेतलं सभेत. घरात नको," ते म्हणाले आणि पान तोंडात टाकलं. विषय संपला, असं मी समजले.

संध्याकाळी हॉल भरला. भिंतीवर क्लबचा निळा पडदा, टेबलावर पितळी घंटा, अण्णांच्या गळ्यात अध्यक्षांची पट्टी. अण्णांनी घंटा वाजवली, प्रार्थना झाली, ज्यांचे वाढदिवस होते त्यांना टाळ्या मिळाल्या. मागच्या सभेचा वृत्तांत वाचून झाला. मग वेल्हाळ उठले.

वेल्हाळ बोलायचे झकास. "अध्यक्ष महाराज, माझ्या पेढ्यावर बाराही महिने पिस्ता असतो," ते म्हणाले, "पण पावसाळ्यात त्यावर वरून जे पडतं, त्याला मी पिस्ता म्हणू शकत नाही." सगळा हॉल हसला. मीही हसले. मग त्यांनी वास सांगितला, माशा सांगितल्या, गिऱ्हाईक छत्री उघडून पेठेत शिरतं ते सांगितलं, शाळेत जाणाऱ्या पोरांच्या गणवेशाची गत सांगितली. यातलं खोटं काहीच नव्हतं. "आपण सेवा क्लब आहोत," ते शेवटी म्हणाले, "माणसांची सेवा करू, बगळ्यांची बगळे करतील." टाळ्या पडल्या.

"कुणाला काही बोलायचंय?" अण्णांनी विचारलं.

कोपऱ्यात हौजीची पिशवी खुळखुळली. अण्णांचा हात घंटेकडे गेला, आणि मी उभी राहिले. कशी राहिले ते मला आजही सांगता येत नाही. मन बसलेलं होतं, पाय उभे राहिले.

शिवानंदनं पुढच्या रांगेतून मागं वळून पाहिलं आणि त्याचं तोंड उघडंच राहिलं.

"वहिनी, वडे यायला वेळ आहे अजून," कुणीतरी म्हणालं. हशा झाला. "सासऱ्याच्या सभेत सून उभी! दत्तोबा, आता तुमचं काही खरं नाही," आणखी कुणी बोललं. पुन्हा हशा. माझ्या कानशिलांतून वाफा निघत होत्या. मी अण्णांकडे पाहिलं. आता ते नुसते 'बस' म्हणाले असते तरी मी बसले असते, आणि मला वाटतं पुन्हा जन्मात कधी उठले नसते.

अण्णांनी घंटा वाजवली. एकदा. हॉल गप्प झाला.

"आपलं नाव?" ते म्हणाले.

मला कळेचना. "अं?"

"सभेत बोलणाऱ्यानं नाव सांगायचं असतं. वृत्तांतात लिहावं लागतं."

"सौ. मेनकुदळे," मी पुटपुटले.

"मेनकुदळे या हॉलमध्ये चार आहेत. आपलं नाव सांगा."

"गिरिजा," मी म्हणाले. "गिरिजा शिवानंद मेनकुदळे."

"बोला, गिरिजाबाई. सावकाश बोला. यांचं बोलणं संपेपर्यंत मध्ये कुणी बोलणार नाही."

चार वर्षांत त्यांनी मला 'ए सूनबाई' किंवा 'गं' याखेरीज हाक मारली नव्हती. त्या दिवशी भर सभेत ते मला 'आपण' म्हणाले.

"अध्यक्षांच्या परवानगीनं," मी म्हणाले. तसं म्हणतात हे मी ऐकून ठेवलं होतं. पुढचं काहीच ठरवलेलं नव्हतं. "वेल्हाळकाका बोलले ते खरं आहे. घाण होते. आमच्या दारात तर सगळ्यात जास्त होते. मला झाडांचं, पक्ष्यांचं फार काही कळत नाही. मी फक्त खाली पडलेली पिल्लं उचलते. पोस्टातल्या टोणपेबाई आणि आम्ही."

शिवानंदच्या चेहऱ्यावर पोस्टाचं कोडं उलगडताना मला दिसलं.

"एवढंच सांगायचंय, की ती पडल्यावर लगेच मरत नाहीत. फार वेळ लागतो. आत्ता फांद्या छाटल्या तर वर आहेत तेवढी सगळी एकदम खाली येतील. पेठेत, आपल्या पायऱ्यांवर. छाटायला माणसं मिळतील, पण ती पिल्लं उचलायला कोण येणार, तेही ठरावात लिहा. आम्ही चौघीच आहोत. आम्हाला नाही व्हायचं ते."

माझा आवाज तिथं फुटला. मी थांबले. कुणी हसलं नाही. अण्णा माझ्याकडे न बघता समोरच्या घंटेकडे बघत होते, पण त्यांनी मला पुरतं थांबू दिलं.

"दिवाळीपर्यंत पिल्लं उडून जातात," मी म्हणाले. "तोवर थांबा. दुकानं उघडायच्या आत आम्ही रोज सगळी पेठ झाडून धुवून देऊ. घाण दिसली तर मला बोला. झालं माझं."

मी बसले. मागच्या रांगेतून डॉक्टर पाटणकरांच्या म्हाताऱ्या आई खणखणीत आवाजात आपल्या लेकाला म्हणाल्या, "अरे, लेकरं आत असताना घर पाडतात का कुणी? एवढं शिकलास ना?" मग मागच्या रांगांत एकच कुजबूज सुरू झाली. पुढं बसलेल्या नवऱ्यांच्या पाठीत मागून बोटं टोचली जाऊ लागली.

मत फक्त सदस्यांचं होतं. हात वर झाले. ठरावाच्या बाजूनं पहिला हात अण्णांचा होता. मी तो पाहिला. सरळ, ताठ, कुणाला शंका राहू नये असा. पण बाकीचे हात मोजले तेव्हा ठराव पडला होता. थोडक्यातच, पण पडला होता.

"ठराव नामंजूर," अण्णा म्हणाले. त्यांच्या आवाजावरून काही कळत नव्हतं.

वेल्हाळ उठले. "मान्य. पण एक तक्रार जरी आली पेठेतून, तरी पुढच्या सभेत ठराव पुन्हा आणणार मी."

"कबूल आहे?" अण्णांनी मला विचारलं.

"कबूल," मी म्हणाले.

खाली जिन्यात पद्मजा उभी होती. तिला हॉलमध्ये मज्जाव असला तरी जिना सार्वजनिक होता. तिनं मला मिठी मारली आणि माझ्या कानात इतक्या जोरात ओरडली की रात्रभर कान वाजत राहिला. घरी येताना अण्णा पुढं, आम्ही मागं. शिवानंद हळूच म्हणाला, "मला सांगायचंस तरी. मी काय अडवलं असतं?"

"हो."

त्यानं थोडा विचार केला. "अडवलं असतं," तो म्हणाला.

अण्णा घरी येऊन न जेवता झोपले. त्यांना भर सभेत हरवून मी त्यांचा पेठेतला शब्द खाली पाडला होता. त्यांना राग आला असणारच, असं धरून मी गप्प बसले.

दुसऱ्या दिवसापासून पेठ झाडायला लागलो. पहिल्या आठवड्यात क्लबातल्या चार-पाच जणी हौसेनं आल्या. डॉक्टरांच्या आईही खुर्ची टाकून बसून सूचना देत होत्या. हळूहळू कुणाची कंबर धरली, कुणाकडे पाहुणे आले. राहिलो आम्हीच चौघी. ओली विष्ठा फरशीला अशी चिकटते की खराट्यानं निघत नाही, खरवडावी लागते. वेल्हाळ दुकान उघडून पायरीवर उभे राहायचे, डावीकडे उजवीकडे बघायचे, आणि काही सापडलं नाही की आत जायचे. अण्णा गल्ल्याच्या किल्ल्या घेऊन आमच्यामधून जायचे. माझ्याकडे बघायचे नाहीत. घरात पूर्वीसारखंच, "मीठ दे", "उद्या सोमवार आहे". त्या एका संध्याकाळी सभेत ऐकलेला आवाज मला स्वप्नासारखा वाटायला लागला होता.

मग पूर्वा नक्षत्रात एका संध्याकाळी वादळ झालं. पत्रे उडाले, वीज गेली, वरून नुसता कडकडाट. बाहेर पडणं शक्य नव्हतं. उजाडताच मी दार उघडलं.

सगळी पेठ काड्या, पानं, चिखल आणि पिल्लांनी भरली होती. काही मेलेली. बरीचशी जिवंत, चिंब भिजून एवढीशी झालेली, गटाराच्या कडेला, हातगाड्यांखाली, दुकानांच्या पायऱ्यांवर. वर मोडलेल्या फांद्या लोंबत होत्या आणि त्यांवरून अजून अधूनमधून एखादं खाली येत होतं. दिवस आठवडी बाजाराचा. थोड्याच वेळात खेड्यापाड्यांतली माणसं यायला लागणार होती.

पद्मजा आली, दोघी आल्या. आम्ही टोपल्या भरायला लागलो. टोपल्या संपल्या. हातातली पिल्लं गारठून मान टाकत होती. आणि तेवढ्यात वेल्हाळ आले. पायरीवर उभे राहिले, डावीकडे बघितलं, उजवीकडे बघितलं.

"काका," मी म्हणाले, "आज नाही व्हायचं दुकानं उघडायच्या आत. करा तक्रार."

वेल्हाळांच्या पायाशी एक ढोकरीचं पिल्लू चोच वासून पडलं होतं. ते त्याच्याकडे बघत राहिले. मग वाकले, आणि दोन्ही हातांनी त्याला उचललं. ते त्यांना चावलं.

"च्यायला," वेल्हाळ म्हणाले. "तक्रार काय करतेस, पोरी! गार पडलंय हे. आत आण सगळी. भट्टी पेटवतो. मिठाईची खोकी रिकामी आहेत मागं, भुसा घाल त्यात. बघत काय राहिलीस, आण की!"

आम्ही पिल्लं आत न्यायला लागलो. जिलबीची कढई त्या दिवशी चढली नाही. भट्टीच्या उबेला खोक्यांच्या रांगा लागल्या. मी बाहेर येते तर आमच्या दुकानाची फळी उघडी. अण्णा धोतर वर खोचून, खांद्यावर मांजरपाटाचा अख्खा तागा घेऊन बाहेर येत होते. मागं शिवानंद आणि दीर, त्यांच्या खांद्यांवर आणखी तागे.

"अण्णा, हे काय?"

"वरून अजून पडतायत ती खाली दगडावर कशाला पडायला पाहिजेत? झाडाखाली कापड ताणू. या खांबापासून त्या खांबापर्यंत."

"पण नवे तागे…"

"जुने कुठून आणू? कापडाचं दुकान आहे माझं, गोधड्यांचं नाही," अण्णा म्हणाले. मग हात तोंडाशी धरून त्यांनी पेठेला हाक दिली. एवढा मोठा आवाज मी त्यांचा कधी ऐकला नव्हता. "अरे, उठा! शिड्या काढा! मित्रमेळ्यातले असतील त्यांनी आधी या!"

दुकानांच्या वरच्या माड्यांच्या खिडक्या उघडल्या. माणसं आली. डॉक्टर पाटणकर रात्रीच्या लेंग्यावर आले. ठरावाच्या बाजूनं हात वर केलेले आले, विरुद्ध केलेलेही आले. कुणी शिडी धरली, कुणी दोर बांधले, कुणी फावड्यानं चिखल ओढला. बाजारकरी यायला लागले तेव्हा चारही चिंचांखाली पांढऱ्या कापडाचे मांडव ताणलेले होते आणि खाली फरशी स्वच्छ होती. एक खेडूत डोकं वर करून म्हणाला, "लगीन कुणाचं हाय?" शिडीवरून वेल्हाळ म्हणाले, "माझं. जेवून जावा." तेवढ्यात वरून एक पिल्लू सुटलं, धप्पकन कापडावर पडलं, दोनदा उसळलं आणि उठून चालायला लागलं. सगळ्या पेठेनं टाळ्या वाजवल्या.

दुपार कलली तशी गडबड ओसरली. मी आमच्या पायरीवर बसले होते. हातांची सालटी निघाली होती. वेल्हाळांनी चहा पाठवला. अण्णा आले आणि माझ्या शेजारी पायरीवर बसले. असे ते कधी बसले नव्हते.

आम्ही दोघं बशीतला चहा पीत होतो. मीच बोलले.

"अण्णा, त्या दिवशी सभेत तुम्ही मला खाली बसवू शकला असता."

"शकलो असतो."

"मग का नाही बसवलं?"

अण्णांनी बशी खाली ठेवली. "दुपारी तू दारात येऊन उभी राहिलीस तेव्हा मी सांगितलं होतं ना, सभेतलं सभेत? मला वाटलं, कळलं नाही तुला. संध्याकाळभर वाट बघत होतो उठतेस का."

ज्याला मी नकार समजले होते, ते त्यांनी मला दाखवलेलं दार होतं.

"म्हणजे तुम्हाला ठराव पडावा असं वाटत होतं?"

"छे! मी शब्द दिला होता. माझं मत ठरलेलंच होतं. पण गेली कित्येक वर्षं मी बघतोय, आमच्या घरात जे येतं ते मुकं होतं. तुझी सासू अशीच… चांगली गाणारी होती माहेरी. मला फार उशिरा कळलं, तेही दुसऱ्या कुणाकडून. मी तिला कधी गप्प बस म्हणालो नव्हतो. बोल असंही म्हणालो नव्हतो." त्यांनी धोतरावरचा चिखल नखानं खरवडला. "तू पोस्टातून येताना तोंड पुसून हसू घालवून घरात शिरायचीस. मी गादीवर बसतो, मला सगळा रस्ता दिसतो."

मला रडू आलं. अण्णांना ते बघवेना, म्हणून ते वर कापडाकडे बघत राहिले.

"हरल्याचा राग आला होता मात्र," ते म्हणाले. "दोन दिवस जेवण गेलं नाही."

"एकच दिवस," मी नाक पुसत म्हणाले. "दुसऱ्या दिवशी तीन भाकऱ्या खाल्ल्या तुम्ही."

अण्णा हसले. घरातलं कुणी एवढ्या मोठ्यानं हसलेलं ऐकून शिवानंद धावत बाहेर आला.

झाडं राहिली. दर पावसाळ्यात पेठेत कापड ताणायचं हा मग मित्रमेळ्याचा रिवाजच झाला, आणि दोन वर्षांनी बायकांना सदस्य करून घ्यायचा ठराव आला तो वेल्हाळांनी मांडला. पद्मजाची बदली झाली, तरी ती दर श्रावणात रजा काढून यायची. त्या पडक्या खोलीचं पुढं बरंच काही झालं. पण मला सांगायचं आहे ते अण्णांचं.

आमच्याकडे सासऱ्यांचे आभार मानायची रीत नव्हती. मी मानले नाहीत. मी फक्त बोलत गेले. भाकरी वाढताना, पान लावून देताना, गिऱ्हाईक नसलं की दुकानात बसून. तेही बोलत गेले. किती गोष्टी साठल्या होत्या त्या माणसापाशी! शेवटची अकरा वर्षं आमच्या घरात नुसता कलकलाट होता. शेजारचे म्हणायचे, चिंचेवर जास्त आवाज की मेनकुदळ्यांकडे?

शेवटच्या दुखण्यात ते इस्पितळात होते. मी त्यांच्या उशाशी बसून वर्तमानपत्र वाचून दाखवत होते आणि बातमी-बातमीवर आम्ही भांडत होतो. नवीन आलेली नर्स सुई लावता लावता म्हणाली, "आजोबा, नशीबवान आहात. लेक का तुमची?"

"सून," अण्णा म्हणाले. आवाज खोल गेला होता, तरी त्यात तोरा होता. "साधी समजू नका. मला भर सभेत हरवलंय हिनं."